रुमालाखालची बोटं

“पण बाबा, त्यात वाईट काय आहे, तेवढं सांगा!”

नागनाथ कोरेनं हे तिसऱ्यांदा विचारलं.  अमीनबाबा चौथऱ्यावर पडलेली करंजाची पानं एकेक करून उचलत होते.

दर्गा गावाबाहेर, जनावरांच्या बाजाराच्या मैदानाला लागून. बाजार शुक्रवारी. आज गुरुवार, म्हणून मैदानात नुसते खुंटे उभे होते. याच मैदानात बाबांनी चाळीस वर्षं दलाली केली. हजारो बैल त्यांच्या हातून या दावणीचे त्या दावणीला गेले. मग एके दिवशी त्यांनी दलाली सोडली आणि दर्ग्याची झाडलोट धरली. का सोडली, ते कुणाला सांगितलं नाही. लोक मात्र अजून विचारायला येत. बाबा हो म्हणाले तर हो, नको म्हणाले तर नको.

नागनाथला हो हवं होतं. तेही पाच वाजायच्या आत.

शोरूममध्ये एका पांढऱ्या गाडीवर त्याच्या नावाची चिठ्ठी लागली होती. बाकीचे पैसे हप्त्यानं, पण आधी भरायची रक्कम कमी पडत होती. ती उभी राहणार होती महानंदाच्या पाटल्यांवर. महानंदा त्याची बायको. पाटल्या तिच्या आईच्या. घरातून निघताना ती एवढंच म्हणाली होती, “बाबांनी सांगितलं तर तिथंच काढून देते. नाही सांगितलं तर विषय संपला.”

आता ती पायरीवर बसली होती. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात घरचा मलिदा. येताना नागनाथ पेढ्यांच्या दुकानापाशी थांबला, तेव्हा तिनं नुसता डबा वर करून दाखवला होता.

“आणि अंथरूण पाहून पाय पसरावेत, असलं काही सांगू नका हं बाबा,” नागनाथ म्हणाला. “आता अंथरूणसुद्धा हप्त्यानं मिळतं.”

बाबा हसले. अगदी मोकळं हसले. नागनाथला हुरूप आला.

“कारखान्याच्या लॅबमध्ये पर्मनंट आहे मी. आजवर एक हप्ता चुकला नाही. सिबिल सातशे ऐंशी! बँकवाले आपणहून फोन करतात, सर घ्या ना, सर घ्या ना. आमच्या अप्पांना कुणी सर म्हटलं होतं का जन्मात?”

“नाही म्हटलं.”

“बघा!”

“पगार कधी होतो तुझा?”

“सात तारखेला.”

“आणि आठ तारखेला?”

“आठ तारखेला काय?”

बाबांनी आणखी एक पान उचललं.

“आठ तारखेला हप्ते कापले जातात. पुढं महिनाभर घर मी ओढते, बाबा,” महानंदा म्हणाली.

“तू गप गं.”

“गाडी कशाला पाहिजे तुला?” बाबांनी विचारलं.

नागनाथ जरा थांबला. मग म्हणाला, “साडूनं घेतली. भाचीच्या लग्नाला त्याच्या गाडीत मागं बसून गेलो. मांडीवर आहेराची पिशवी. रस्ताभर तो एकच सांगत होता, दार जोरात लावू नका, दार जोरात लावू नका.”

“मग लावलंस?”

“काय?”

“दार.”

“… लावलं.”

“मी म्हणते, दोन वर्षं थांबू,” महानंदा म्हणाली. “तोवर माझी भिशी येईल. आहेत ते हप्ते फिटतील. मग रोख घेऊ, जुनी का असेना. आणि दार पाहिजे तेवढं जोरात लावा.”

बाबा पुन्हा हसले. या वेळी नागनाथ हसला नाही. खिशातला फोन वाजला होता.

“साहेब, पाचपर्यंतच आहे हो स्कीम,” शोरूमचा माणूस पलीकडून म्हणाला.

“आलोच,” नागनाथ म्हणाला. त्यानं फोन पँटच्या उजव्या खिशात टाकला. “बाबा, हो म्हणा आता. अहो, सगळं जग असंच जगतं.”

बाबांनी खांद्यावरचा चौकटीचा रुमाल काढला.

“तुझ्या अप्पाचे बैल मीच विकले होते. तुझ्या कॉलेजच्या फीसाठी. आठवतं?”

“आठवतं की.”

“सौदा कसा झाला होता?”

“रुमालाखाली.”

ते तो विसरणं शक्यच नव्हतं. समोरासमोर दोन माणसं, हातांवर रुमाल. तोंडं बंद. बोलायची ती बोटं. भोवती पन्नास माणसं उभी, आणि भाव एकालाही कळत नाही. मात्र मध्येच ज्यानं हात ओढला, त्यानं सौदा मोडला; आणि ते सगळ्या बाजाराला दिसतं. म्हणून हात सहसा कुणी ओढत नाही.

“दे हात.”

“माझा?” नागनाथ हसला. “मला विकताय का काय?”

“दे तर खरं.”

त्यानं उजवा हात पुढं केला. बाबांनी आपला हात त्याच्या हाताशी नेला आणि वर रुमाल टाकला.

“तोंडानं काही सांगायचं नाही. एकेक हप्ता मनात आणायचा. त्याच्या नावानं एकेक बोट माझ्या मुठीत द्यायचं.”

नागनाथनं करंगळी दिली. मोटारसायकल. रुमाल जरा हलला.

मग तिच्या शेजारचं बोट. टीव्ही. भिंतीला मोठा झालेला, पण घ्यायचा होता तेवढाच घेतला.

मग मधलं. मोबाइल. त्याची काच गेल्याच महिन्यात तडकली होती आणि सात हप्ते बाकी होते.

खेळ गमतीचा वाटत होता त्याला. म्हाताऱ्याची मूठ उबदार होती. पकड अगदी हलकी, नुकतंच उडायला शिकलेलं चिमणीचं पिल्लू धरावं तशी.

“झालं?” बाबांनी विचारलं.

नागनाथनं महानंदाकडे पाहिलं. ती रुमालाकडे बघत होती.

अजून एक होता. दिवाळीला तिन्ही हप्ते एकदम अंगावर आले, तेव्हा त्यानं फोनवरच एक कर्ज उचललं होतं. चार बटणं दाबली, दहा मिनिटांत पैसे जमा. त्या पैशांतून त्यानं बाकीचे हप्ते भरले. एकही हप्ता चुकला नाही म्हणून तो जी छाती काढून फिरत होता, ती या कर्जाच्या जिवावर. घरात कुणाला माहीत नव्हतं.

“झालं,” असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? त्यानं तोंड उघडलंही.

पण मूठ अर्धवट उघडी होती. वाट बघत होती…

अंगठ्याशेजारचं बोट आपणहून गेल्यासारखं आत गेलं.

रुमाल चौथ्यांदा हलला.

“चार?” महानंदा म्हणाली.

तिनं रुमालावरून नजर उचलून नागनाथकडे पाहिलं.

“मला तीन माहीत आहेत.”

“अगं, ते दिवाळीला… बाकीचे भरायचे होते म्हणून…”

“हप्ते भरायला हप्ता?”

“तसं नाही गं…”

“मग कसं?”

तसंच होतं. 

बाबा म्हणाले, “पोरी, डबा उघड. भूक लागली.”

महानंदानं झाकण काढलं. गूळ आणि तुपाचा वास आला. तिनं डबा दोघांच्या मध्ये ठेवला.

“घे रे नागू.”

नागनाथनं डावा हात पुढं केला.

“दर्ग्यातला मलिदा डाव्या हातानं घेतोस?”

त्यानं हात मागं घेतला. “मग उजवा सोडा ना बाबा.”

“अंगठा आहे की मोकळा. त्यानं खा.”

नागनाथनं हसायचा प्रयत्न केला.

“खाता येत नाही?” बाबा म्हणाले. “मग तोही दे. गाडीचा तेवढाच राहिला. पाच वाजत आले.”

उजव्या खिशातला फोन वाजू लागला.

नागनाथ बसून राहिला. हात ओढला असता तर सुटला असता. म्हाताऱ्याच्या हातात असा कितीसा जोर? पण रुमाल होता ना वर. हात ओढणारा सौदा मोडतो, सगळा बाजार बघतो. बाजार तर रिकामा होता. खुंट्यांशिवाय तिथं कुणी नव्हतं. तरी त्याला वाटलं, सगळे उभे आहेत. साडू आहे, लॅबमधले आहेत, कॉलनीतले आहेत, आणि तो फोनवरचा ‘सर’ म्हणणाराही आहे. सगळे त्याच्या हाताकडे बघताहेत.

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजू लागला.

“द्या ना मग अंगठा,” महानंदा म्हणाली. आवाज चढा नव्हता. “बाबांनीच मागितलाय. मी बोलले होते, बाबांनी सांगितलं तर देईन.”

तिनं डाव्या हातातली पाटली सरकवायला सुरुवात केली. पाटली अंगठ्याच्या सांध्याशी अडकली. लग्नापासून चौदा वर्षांत एकदाही निघाली नव्हती ती. महानंदानं ओठ दाबले, बोटं एकत्र आवळली आणि पाटली फिरवून फिरवून ओढू लागली. सांध्यापाशी कातडी लाल झाली.

बाबांनी तिला थांब म्हटलं नाही.

नागनाथनं हात ओढला.

रुमाल खाली पडला. बाबांचा पंजा सताड उघडा होता. तो केव्हापासून उघडा होता कुणास ठाऊक.

त्याच हातानं नागनाथनं फोन काढला.

“गाडी नको.”

“साहेब, उद्यापर्यंत थांबवू का? तुमच्यासाठी म्हणून…”

“नको म्हटलं ना!”

त्यानं फोन ठेवला. महानंदानं पाटली मनगटावर मागं लोटली आणि लाल झालेला सांधा पदरानं चोळला.

“त्या चौथ्याचं घरी गेल्यावर बघू,” ती म्हणाली. “सगळं सांगायचं. मी भांडणार आहे.”

“भांड.”

मग तिनं डब्यातला मूठभर मलिदा त्याच्या उजव्या हातावर ठेवला. तो खाली मान घालून खाऊ लागला. त्याचे कान तापले होते. मलिदा मात्र चांगला झाला होता.

“सौदा मोडला मी, बाबा,” थोड्या वेळानं तो म्हणाला. “रागावलात का?”

बाबांनी रुमाल उचलला. झटकला. घडी घालून खांद्यावर टाकला. मग मैदानातल्या खुंट्यांकडे पाहिलं.

“चाळीस वर्षं बैल विकले, नागू. आमचे हात रुमालाखाली असायचे, आणि बैल आपला बाजूला रवंथ करत उभा. रुमालाखाली स्वतः हात घालणारा बैल… आजच बघितला.”