सौदागराच्या लाखबंद पुड्या

ही गोष्ट इतकी जुनी आहे की तिच्यातल्या राजाचं नाव आज कुणाच्या लक्षात नाही. नाव विसरलं तरी चालेल. त्याच्या राज्यात जे घडलं ते मात्र विसरता कामा नये, म्हणून ती सांगायची.

नदीकाठी विणकरांचं एक नगर होतं. घरोघरी माग होते. दिवस उजाडला की धोट्यांचा खटखटाट सुरू व्हायचा, आणि भर दुपारी देवळावरची घंटा वाजली की थांबायचा. मग चुली पेटायच्या. जेवण साधंच असे. ज्वारीची भाकरी, परसातल्या शेवग्याच्या पाल्याची नाहीतर चाकवताची भाजी, मटकीची उसळ, वाटीभर ताक. त्याला कुणी पक्वान्न म्हटलं नसतं. पण त्या अन्नावर पोरं दणकट होती आणि म्हातारी माणसं आपल्या पायांनी घाट चढत होती.

त्या नगरात गिरजा नावाची विणकरीण राहत होती. तिचा नवरा सिदराम, आणि दोघांची एकुलती मुलगी तानी. तानीची नजर फार तेज होती. मागावर एखादा धागा तुटला, तर तो आईच्या आधी तिला दिसायचा.

एके दिवशी दूरदेशीचा एक सौदागर राजाच्या दरबारात आला. त्यानं रंगीत कागदाची, लाखेनं बंद केलेली एक पुडी राजापुढे ठेवली. राजानं लाख फोडली. आत भडक केशरी रंगाच्या, कुरकुरीत, खारट-गोड चकत्या होत्या. राजानं एक खाल्ली. मग दुसरी. बोलता बोलता पुडी रिकामी झाली.

"महाराज," सौदागर म्हणाला, "तुमच्या नगरात रोज भर दुपारी सगळे माग बंद पडतात. कशासाठी? तर भाकऱ्या थापायला! माझ्या पुड्या घरोघरी द्या. चूल नको, पाणी नको, भांडी नकोत. विणता विणता लोक खातील, आणि तुमचं कापड दुपटीनं वाढेल."

राजाला कापडाचे ढीग डोळ्यांपुढे दिसू लागले. पुडीत नेमकं काय आहे, हे विचारण्याची त्याला गरजच वाटली नाही. त्यानं दवंडी पिटवली: यापुढे दुपारची घंटा वाजणार नाही. सरकारी कोठीतून घरोघरी पुड्या पोचतील. त्या खाव्यात आणि काम चालू ठेवावं.

खोटं कशाला सांगावं, गिरजाला आधी बरंच वाटलं. दळण, पाणी, धूर यांनी ती थकून गेली होती. सिदराम हसत म्हणाला, "बघ गिरजे, सुटली एकदाची तुझी चूल!"

पण चुलीपासून सुटलेली ती घटका काही तिच्या वाट्याला आली नाही. ती मागाच्या वाट्याला गेली. एका हातात पुडी आणि दुसऱ्या हातात धोटा, असं सगळं नगर जेवू लागलं. जेवू लागलं म्हणायचं, एवढंच.

बघता बघता पोरांच्या जिभेला चटक लागली. संध्याकाळी गिरजा भाकरी वाढायची, तर तानी तोंड फिरवायची. "आई, ही कोरडी लागते. पुडी दे ना." रोज रोज कोण भांडणार? संध्याकाळची चूलही थंड झाली. परसातला शेवगा कुणी तोडेना म्हणून नुसताच वाढला होता. सिदरामनं तो मुळापासून तोडला आणि तिथे सुताचे गठ्ठे ठेवायला छप्पर घातलं. गावाबाहेरच्या भाजीच्या वाफ्यांत तण माजलं.

असं एक वर्ष गेलं. राजाच्या कोठारात कापड मावेना. आणि नगरात काय झालं? पोरांची पोटं फुगली, हातपाय काटक्या झाले. कोवळ्या दातांना कीड लागली. म्हातारी माणसं पोट धरून ओट्यावर बसून राहू लागली. कुणी विचारलं की लोक म्हणायचे, हवा बदलली. कुणी म्हणायचं, पाणी बाधलं. पुडीचं नाव कुणी घेत नव्हतं, कारण पुडी सगळ्यांना हवी होती.

तानीच्या हातून आता धागे सुटू लागले. दिवस कलला की हमखास चूक व्हायची. गिरजा तिला रागवायची, "लक्ष कुठं असतं गं तुझं?" तानी मान खाली घालायची.

एकदा सूर्य नुकताच टेकडीआड गेला होता. तानी कळशी घेऊन घाटावर उतरली, आणि वरच्या पायरीवरून थेट खाली कोसळली. आरडाओरडा ऐकून गिरजा धावली. पोरीचा पाय गुडघ्याखाली मोडला होता.

"पायरी दिसली नाही का तुला?" गिरजानं रडत विचारलं.

"अंधार होता ना, आई."

गिरजानं वर पाहिलं. नदीवर अजून उजेड होता. पलीकडच्या काठावरची गुरं मोजता आली असती.

"तानी, तुला आत्ता माझं तोंड दिसतंय?"

"नाही. संध्याकाळ झाली की काहीच दिसत नाही."

"मग सांगितलं का नाहीस, बाळा?"

"मला वाटलं, सगळ्यांनाच असं होतं," तानी कण्हत म्हणाली. "आमच्या गल्लीत कुठल्याच पोराला दिसत नाही."

गिरजानं पोरीला उचललं आणि तडक वैद्यबुवांकडे नेलं.

वैद्यबुवांनी पाय बांधला. मग पोरीच्या पापण्या वर करून डोळे पाहिले आणि म्हणाले, "रातांधळं आहे. हिरवा पाला, दूध, लोणी पोटात गेलं नाही की असं होतं. हिचं पोट भरलेलं आहे, पण अंग उपाशी आहे."

"आणि हे तुम्ही आज सांगताय?" गिरजा ताडकन उठली. "गल्लीतल्या एकाही पोराला संध्याकाळी दिसत नाही, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

वैद्यबुवांनी नजर चुकवली. "राजाची आज्ञा आहे, बाई. आणि माझ्या घरीसुद्धा त्याच पुड्या येतात."

गिरजानं पुढे एक शब्द ऐकला नाही. पुढच्या संध्याकाळी, उजेड असतानाच, ती दारोदार फिरली. प्रत्येक घरातल्या पोराला तिनं अंगणात उभं केलं, समोर हात धरला आणि विचारलं, "हा कुणाचा हात आहे, सांग." पोरं तिच्या आवाजाकडे तोंड करून गोंधळून उभी राहिली. आया दारात उभ्या होत्या. प्रत्येकीला वाटत होतं की हे दुखणं फक्त आपल्याच घरात आहे. त्या संध्याकाळी त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि त्यांच्या भीतीचा संताप झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरात एकही माग हलला नाही. तानीला पाठुंगळीला घेऊन गिरजा राजवाड्याकडे निघाली, आणि तिच्यामागे सगळं नगर निघालं. सिदराम मान खाली घालून चालत होता. वाड्याच्या गच्चीवरून राजाला रोज धोट्यांचा आवाज ऐकू यायचा. आज तो ऐकू आला नाही, म्हणूनच त्यानं दरवाजा उघडायला लावला.

सौदागर राजाच्या शेजारीच बसला होता.

"महाराज," गिरजा म्हणाली, "ही माझी मुलगी. हिची नजर या माणसाच्या पुड्यांनी नेली, आणि पाय नजरेमागून गेला."

सौदागर हसला. "बाई, मी कुणाच्या तोंडात बळेच घास कोंबला का? मुलं स्वतःहून मागतात. हट्ट करून मागतात."

"मुलं विस्तवाकडेही झेपावतात, शेठ. म्हणून आम्ही त्यांच्या हातात निखारा देत नाही. तुम्ही दिलात."

"मी तर बायकांना चुलीच्या जाचातून सोडवलं," सौदागर राजाकडे वळून म्हणाला.

आता मात्र गिरजाचा आवाज चढला. "त्या जाचाचं नाव तुम्ही काढू नका! धूर माझ्या डोळ्यांत जात होता, तुमच्या नाही. चूल जड होती, हे खरं आहे. मग तिला दुसरा हात लावायला हवा होता. माझ्या नवऱ्याचा लावायचा, शेजाऱ्याचा लावायचा. तुम्ही चूलच विझवलीत, आणि वाचलेला वेळ मागाला जुंपलात. आमच्या जेवणाची घंटा तुम्ही चोरलीत, आणि वर उपकार सांगताय?"

सिदरामच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझं एकच मागणं आहे," गिरजा म्हणाली. "माझी चूल उघडी आहे. कुणीही यावं, झाकण काढावं, काय शिजतंय ते बघावं. या शेठची भट्टीही आम्हाला दाखवा."

"ते जमायचं नाही!" सौदागर घाईघाईनं म्हणाला. "ते आमच्या धंद्यातलं गुपित आहे."

"आमच्या पोरांच्या पोटात जे जातं, ते तुमचं गुपित कसं?"

राजानं दारातली गर्दी पाहिली. सकाळच्या लख्ख उन्हातसुद्धा सवयीनं आईचा पदर धरून उभी असलेली पोरं पाहिली. तो उठला आणि म्हणाला, "चला."

सौदागराची भट्टी नदीपलीकडे होती. भोवती उंच भिंत, दाराला कुलूप. कुलूप उघडलं तसा जळक्या तेलाचा वास अंगावर आला. कढयांत तेल डांबरासारखं काळं झालं होतं, आणि त्यातच पुन्हा पुन्हा चकत्या तळल्या जात होत्या. एका बाजूला मिठाचे ढीग, दुसऱ्या बाजूला साखरेचे. मधे पांढऱ्याफटक पिठाच्या राशी होत्या. कधीपासून पडून होत्या कोण जाणे, पण त्यांत एक अळी नव्हती, एक किडा नव्हता. त्या पिठात काही राहिलेलं नाही, हे किड्यांना कळलं होतं. माणसांना कळलं नव्हतं.

सिदरामनं कोपऱ्यातल्या पिंपात बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि तो किंचाळलाच. "अरे, हा तर लुगड्याचा रंग! हा आम्ही सुताला लावतो!"

मागच्या अंगाला गोठा होता. पुड्यांच्या गाड्या ओढणारे बैल तिथे बांधलेले होते. काय बैल होते ते! अंगावर माशी ठरणार नाही अशी कांती, भरलेली वशिंडं, तरतरीत डोळे. त्यांच्यापुढच्या गव्हाणीत पिठातून चाळून काढलेला कोंडा होता, डाळींची टरफलं होती, आणि वर ताजा हिरवा पाला.

"बैलांना हे घालतोस?" राजानं विचारलं.

"मग काय महाराज, पुड्या घालू?" सौदागराच्या तोंडून सहज निघून गेलं. "बैल अशक्त झाले, तर गाड्या कोण ओढणार?"

बोलून गेल्यावर त्याला कळलं, पण तोवर उशीर झाला होता.

गिरजा पुढे झाली. "ऐकलंत, महाराज? याला बैलांची काळजी आहे. आमच्या पोरांच्या तोंडचं सत्त्व यानं काढून घेतलं, आणि ते या बैलांच्या अंगावर चमकतंय. आमच्या पोरांना यानं बैलाइतकंही मानलं नाही!"

"मला हे माहीत नव्हतं," राजा हळूच म्हणाला.

"तुम्ही विचारलं नाहीत," गिरजा म्हणाली. "कापड वाढतंय, एवढंच पाहिलंत. ज्यानं विचारायचं त्यानंच विचारलं नाही, तर माहीत नव्हतं म्हणून सुटका होत नाही."

राजानं मान खाली घातली. त्याच दिवशी त्यानं भट्टीची भिंत पाडायला लावली, कढया नदीपासून दूर खड्ड्यात पुरल्या, आणि सौदागराला राज्याबाहेर काढलं. बैल मात्र नगरानं ठेवून घेतले. भाजीचे वाफे पुन्हा नांगरायचे होते. सौदागरानं आपली गाडी आपल्याच खांद्यावर ओढत शीव ओलांडली. जाता जाता कुणीतरी त्याच्या हातात वाटेत खायला म्हणून एक पुडी दिली. ती त्यानं पहिल्या वळणावरच फेकून दिली.

दुपारची घंटा पुन्हा वाजू लागली. गिरजाच्या सांगण्यावरून राजाच्या दवंडीत आणखी एक वाक्य घातलं गेलं: घंटा झाली की घरातला प्रत्येक धडधाकट हात चुलीला लागेल, बाईचा आणि पुरुषाचाही.

पुढचे दिवस सोपे नव्हते. पोरांनी भाकऱ्या थुंकल्या, आदळआपट केली, पुडीसाठी रडून घर डोक्यावर घेतलं. आयांनी आणि बापांनी दम धरला. शेजारच्या गावातून शेवग्याच्या फांद्या आणून लावल्या. भूक खरी लागू लागली तशी ज्वारी गोड लागू लागली. हळूहळू पोरांच्या अंगात रक्त आलं, आणि संध्याकाळी अंगणात पुन्हा लपंडाव रंगू लागले.

तानीचा पाय मात्र वाकडाच जोडला गेला. राजानं तिच्यासाठी पालखी पाठवली. गिरजानं ती दारातूनच परत पाठवली. "पालखीनं पाय सरळ होत नाही," असा निरोप दिला.

एकदा तिन्हीसांजेला गिरजा मागावर हातभर उरलेलं कापड पुरं करत होती. अंगणापलीकडच्या चुलीपुढे सिदराम बसला होता. भाकरी थापताना अजून तिला कडा फुटायच्या, पण तो थापायचा. दिवा अजून लावला नव्हता. ओट्यावर पाय लांब करून बसलेली तानी एकदम ओरडली, "बा, पलट की! भाकरीची ती पलीकडची कड करपतेय!"

सिदरामचा हात तव्यावरच थांबला. त्यानं मान वळवून बायकोकडे पाहिलं. गिरजाच्या हातातला धोटा थांबला होता आणि तिचे डोळे भरून आले होते, आणि या वेळी चुलीचा धूर तिच्यापासून बराच लांब होता.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जे अन्न शिजताना आपल्याला बघू दिलं जात नाही ते मुलांच्या ताटात वाढू नये, आणि घरचं रांधायला लागणारा वेळ कुणी हिरावून घेत असेल तर तो भांडून परत मिळवावा.