रिकामी तपेली

खारदेशाच्या राजाने स्वतःच्या कोळशाच्या भट्ट्या पेटवल्या आणि शेजारच्या डोंगरदेशाचा कोळसा घेणं बंद केलं. राजाची छाती इतकी फुगली, की अंगरख्याचे बंद तुटले. पण डोंगरदेशाच्या गाड्या कोळसा घेऊन यायच्या, त्याच जाताना मीठ भरून न्यायच्या. आता रिकामी गाडी घेऊन घाट कोण उतरतो? मिठाचे ढीग पडून राहिले, मिठागरावरच्या चुली विझल्या.

दरबारात शहाणे खंडीभर, पण हे सांगायला एकाचीही जीभ उचलेना. शेवटी मिठागरावर राबणारी चांगुणा आगरीण राजाच्या तोंडावर बोलली. राजाला ते झोंबलं.

"कोळशाचा तुकडा न घेता त्यांच्या गाड्या आण आणि मीठ पाठव," तो म्हणाला. "शिमग्यापर्यंत जमलं नाही, तर मिठागरं बुजवून कोळशाची वखार बांधतो."

राणीसाहेबांना तिची दया आली. पोरांसाठी म्हणून त्यांनी चांदीची तपेली भरून खीर दिली.

दुसऱ्या दिवशी चांगुणाने तपेली लख्ख घासली आणि भर दरबारात राजापुढे ठेवली. राजाने आत डोकावून पाहिलं. तपेली ठणठणीत रिकामी!

"शेजारपाजारची रीत ठाऊक नाही का गं? आलेलं भांडं कधी रिकामं परत करतात? चिमूटभर साखर तरी घालायचीस!"

"मला ठाऊक आहे, महाराज. शेजाऱ्याने गाड्या रिकाम्या आणाव्यात म्हणणाऱ्याला ठाऊक असेल, असं वाटलं नव्हतं."

दरबार खाली मान घालून हसला. राजा लाल झाला.

"मग त्यांचा कोळसा घेऊ आणि माझा काय दाताला लावू?"

"कोळसा कशाला? त्यांच्याकडे भात पिकतं, आपल्या खारट जमिनीत गवत उगवत नाही. भाताच्या गाड्या येऊ द्या. आग तुमची, मीठ आमचं, चुरमुऱ्याच्या भट्ट्या लावू. गाड्या भरून येतील, जाताना मीठ नेतील."

"आणि भट्टीपुढे भाजत कोण बसणार?"

"ज्यांची मिठागरं तुम्ही बुजवणार होतात, तीच माणसं. तुमच्या शहाण्यांना पाठवलंत तर भाजता भाजताच चुरमुरे फस्त होतील."

आता मात्र राजा पोट धरधरून हसला. भाताच्या गाड्यांना त्याने होकार दिला आणि मिठागरं आगऱ्यांना कायमची लिहून दिली. मग तीच तपेली मोहरांनी काठोकाठ भरून चांगुणाच्या हातात ठेवली.

"घे. आणि हे भांडं परत आणू नकोस बाई, तुझा भरवसा नाही!"