बंद पाकीट

न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीत पावाची भट्टी चालवणाऱ्या कोंचेत्ताबाईला वाचता येत नव्हतं. तिची पत्रं रविवारी प्रार्थनेनंतर पाद्रीबाबा वाचून दाखवत. शनिवारी भर गिऱ्हाइकांत डॉन गास्पारे दुकानात शिरला. आपल्याच गाववाल्यांना नाडून वर त्यांचा पाठीराखा म्हणून मिरवणारा हा निलाजरा माणूस.

"बाई, तुम्हाला धमकीचं पत्र आलंय म्हणे. दोनशे डॉलर द्या, नाहीतर भट्टी उडवतील. पैसे माझ्याकडे द्या, मी मिटवतो."

कोंचेत्ताबाईने पिठाच्या हातांनी फळीवरचं पाकीट काढून सगळ्यांना दाखवलं. ते अजून फोडलेलंही नव्हतं.

"उद्या पाद्रीबाबांना कशाला तसदी?" ती म्हणाली. "तुम्हाला तोंडपाठ आहे, तर तुम्हीच वाचा."

गास्पारे दाराकडे वळला, पण वाट द्यायला कुणीच हललं नाही.