हवेहवेसे असतानाच थांबणे

एके काळी एक वृद्ध वैद्य डोंगरमाथ्यावरच्या एका गावात राहत असत. आसपासच्या वाड्या कड्याकपारींत विखुरलेल्या. तिथे ना गाडी जाई, ना घोडा. रुग्णाचे बोलावणे आले की वैद्य पायीच निघत, आणि दुखणे गंभीर असेल तर धावत जात. वयोमानाने गुडघे थकले, तेव्हा हे काम त्यांनी आपल्या शिष्यावर सोपवले.

शिष्याचे नाव नरहर. बुद्धीने तल्लख, निदानात निष्णात. परंतु धावण्याचा त्याला मनस्वी तिटकारा होता. एके दिवशी धनगरवाड्यावरून निरोप आला, की ठकूबाई नावाची म्हातारी तापाने बेशुद्ध पडली आहे. नरहर जिवाच्या आकांताने धावत सुटला. पोहोचला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. त्याने म्हातारीचे मनगट हाती घेतले. पण त्याच्या स्वतःच्याच बोटांत रक्त असे उसळत होते, की आपली नाडी कोणती आणि तिची कोणती, हेच त्याला कळेना.

म्हातारीचा मुलगा हळूच म्हणाला, "वैद्यबुवा, आधी तुम्हीच घोटभर पाणी घ्या. तुमचंच काही बरं दिसत नाही."

ठकूबाई वाचली, परंतु औषध मिळायला उशीर झाला, आणि त्यात तिच्या एका कानाचे ऐकणे कायमचे गेले. परतल्यावर नरहर गुरूंपुढे मान खाली घालून बसला.

"गुरुजी, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. धावणं माझ्या प्रकृतीतच नाही."

"असेलही," वैद्य म्हणाले. "उद्या सकाळी माझ्याबरोबर सड्यावर ये. मग ठरवू."

गावामागे कातळाचे विस्तीर्ण पठार होते. त्यालाच लोक सडा म्हणत. वैद्य तिथे एका दगडावर बसले आणि म्हणाले, "धाव. पण इतकं सावकाश, की वाटेत कुणी भेटलं तर त्याच्याशी गप्पा मारता याव्यात."

नरहरला संकोच वाटला. गवत कापणाऱ्या बायका त्याच्याकडे पाहून हसल्या. तरी तो दुडक्या चालीने धावत राहिला. काही दिवस असेच गेले. मग एका सकाळी त्याचा श्वास आपोआप पावलांशी जुळला. घामावरून वाऱ्याची झुळूक गेली. कुठूनसा चंडोल पक्षी गात वर चढला, आणि तो आपल्याला ऐकू येतो आहे याचेच त्याला नवल वाटले. तेवढ्यात वैद्यांनी टाळी वाजवली.

"पुरे. घरी चल."

"पण गुरुजी, आत्ता कुठे बरं वाटायला लागलं होतं!"

"म्हणूनच," असे म्हणून वैद्य काठी टेकत उठले.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. धावण्यात रंग भरू लागला, की टाळी वाजायची. नरहरची चिडचिड वाढत गेली. गुरूंचा आपल्यावर विश्वासच नाही, असा सल त्याच्या मनात घर करू लागला. अखेर एके सकाळी त्याने टाळी ऐकून न ऐकल्यासारखे केले, आणि सड्याच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेला. जाताना अभिमान वाटला. येताना कुशीत कळ उठली, पोटऱ्यांत गोळे आले, आणि शेवटचा पल्ला त्याने कण्हत, लंगडत ओढला.

पुढच्या सकाळी नरहर अंथरुणातून उठला नाही. वैद्य त्याच्या उशाशी येऊन बसले.

"आज यावंसं वाटत नाही ना?"

"नाही, गुरुजी. काल उठण्याआधीच मन सड्यावर पोहोचलं होतं. आज त्याचं नावही नकोसं झालंय."

तेव्हा वैद्य म्हणाले, "बाळा, देह ग्रंथ वाचत नाही. आपण कुठल्या अवस्थेत थांबलो, तेवढंच तो लक्षात ठेवतो. सड्यावर येण्याआधी तू धावलास तो नेहमी कुणाच्या तरी मरणाच्या भीतीनं; आणि थांबलास तो कोसळल्यावरच. मग धावणं म्हणजे यातना, अशी त्याची समजूत झाली, यात त्याचा काय दोष? पंगतीत आग्रहानं जिलब्या खाऊ घातलेला माणूस दुसऱ्या दिवशी जिलबीकडे पाहतही नाही. मी तुला अजून एक हवी असताना पानावरून उठवत होतो. तुझा दम वाढवायची मला घाई नव्हती; तो वाढतोच. आवड एकदा मोडली, की पुन्हा जडायला फार काळ लागतो."

नरहर अंथरुणात उठून बसला. मग म्हणाला, "रुग्णाला मात्रा किती द्यायची, हे मी तुम्हाला शंभरदा विचारतो. स्वतःच्या बाबतीत विचारलंच नाही."

पोटऱ्यांतले गोळे निवल्यावर तो पुन्हा सड्यावर जाऊ लागला. आता टाळीची वाट न पाहता तो स्वतःच थांबे, आणि थांबण्याची ती जागा आपसूक पुढे सरकत गेली. पावसाळ्यानंतर खोऱ्यातल्या वाडीवर एका बाळंतिणीची प्रकृती बिघडली. नरहर धावतच तिथे पोहोचला, पण शांत चित्ताने. घरच्यांची विचारपूस करत त्याने हातपाय धुतले, आणि तिच्यापाशी बसला. त्या बाळंतिणीपेक्षा तिची घाबरलेली सासूच त्याच्याकडे पाहून आधी सावरली.

हिवाळ्यातल्या एका सकाळी वैद्य अंगणात हिरडे वाळत घालत होते. नरहर धोतराचा काचा मारून बाहेर पडताना त्यांना दिसला. त्यांनी काळजीने विचारले, "कुणाचं बोलावणं आलंय रे?"

"कुणाचंच नाही, गुरुजी. सगळे बरे आहेत."

"मग निघालास कुठे?"

नरहर किंचित लाजला. "कुठे नाही. सहज."

तो पायवाटेने दिसेनासा झाला. वैद्यांच्या ओंजळीत हिरडे तसेच राहिले होते. त्यांनी ते हलक्या हाताने सुपात पसरले आणि उन्हात स्वस्थ बसले.