साखळीतला थोरला

वस्तू आपापसांत बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. एका दुकानात दोन लॅपटॉप शेजारी राहायचे. थोरला लाल दिव्यांनी झगमगायचा. चोरीला जाऊ नये म्हणून त्याला टेबलाशी साखळीने बांधलं होतं. येणारा-जाणारा त्याच्यावरच खेळून बघे. धाकट्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. आपल्यावरही कुणी एक डाव खेळावा, एवढीच त्याची आस होती.

एकदा गुरांच्या डॉक्टर वत्सला चौगुले आल्या. "गावोगाव फिरावं लागतं. आणि संध्याकाळी लांब राहणाऱ्या बहिणीशी ऑनलाइन कॅरमचा एक डाव हवाच," त्या म्हणाल्या. त्यांनी औषधांची पिशवी थोरल्याशेजारी धरली. तो मावण्यातला नव्हता. धाकटा मात्र अलगद आत शिरला. पिशवी खांद्याला लावून बाईंनी दुकानभर फेरी मारली, मग त्याच्यावर कॅरम लावला. धाकट्याचं पोट तापलं, पण राणी न अडखळता पॉकेटात गेली.

"हाच द्या."

निघताना धाकटा म्हणाला, "दादा, तुझ्यासारखे दिवे असते तर मी किती मिरवलो असतो!"

"दिव्यांचं राहू दे रे," थोरला हळूच म्हणाला. "बाईंनी तुला उचललं तेव्हा कसं वाटलं, तेवढं सांगून जा."