शंख ऐकून आलेले करकोचे

पूर्वी कुशमाळ नगरात दृढकेतू राज्य करीत असताना बोधिसत्त्व सेनापतीच्या कुळात जन्मला. त्याचे नाव भद्रसेन. तक्षशिलेत धनुर्विद्या शिकून तो परतला, तेव्हा सीमेवर बलाढ्य शत्रूशी गाठ पडेल अशी त्याची खात्री होती. पण राजाने त्याला धाडले नदीकाठच्या एका खेड्यात, आणि शत्रू निघाले करकोचे! थव्याथव्यांनी ते पिकल्या भातात उतरत. पीक गेले तर गावाला घरेदारे सोडावी लागणार होती.

"एक लोंबीही जाऊ देणार नाही!" भद्रसेन गरजला. त्याने धनुर्धर मांडले, रथ जुंपले आणि हल्ल्याचा शंख फुंकला.

तो काय! दूर माळावरचे करकोचेही उठले आणि थेट सैन्यावर येऊन उतरले. बाण सुटले. लांब टांगा टाकत पाखरे रथांमधून धावू लागली. घोडे बुजले, चाके चिखलात रुतली, एक बाण तर भद्रसेनाच्याच सारथ्याच्या पागोट्यात घुसला! तीन दिवस हेच चालले. पाखरांनी खाल्ले त्याहून अधिक भात चाकांखाली आडवे झाले.

गावातली पुन्ना म्हातारी बांधावर कपाळाला हात लावून बसली होती. "सेनापती, पाहुण्यांना बोलावता आणि वर बाण मारता?"

"मी बोलावले?"

"मग कोणी? खळ्यावर रास लागली की आम्ही शंख फुंकायचो आणि पहिली सुपे माळावर त्यांना टाकायचो. राजाच्या कोठाऱ्याने तो वाटा बंद केला, तेव्हापासून ही पाखरे शेतात शिरतात."

"आधी का नाही सांगितलेस?"

"तुम्ही विचारलेत कुठे? आल्या आल्या गरजलात!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच भद्रसेनाने सैन्याच्या शिध्याचा तांदूळ माळावर पसरला आणि स्वतः तिथे उभे राहून शंख फुंकला. बघता बघता शेते मोकळी झाली. गाव विळे घेऊन धावले.

"आता महाराजांना काय सांगायचे?" सारथ्याने विचारले.

"करकोच्यांपुढे हरलो, आणि त्यांचा वाटा मागायला आलो, असे मी सांगेन."

भिक्षूंना ही कथा सांगून भगवान शास्ता त्यांच्यातल्या एकाकडे वळले. त्याने त्याच सकाळी पाखरांवर ढेकूळ उगारले होते. "तो सारथी तू होतास. पुन्ना म्हणजे आज दारी आपल्याला भिक्षा वाढणारी वृद्धा. सेनापती मीच होतो. हरलो असे म्हणताना ज्याचे मन हलके झाले, त्याने मैत्री पारमिता, म्हणजे सर्व जीवांवरच्या प्रेमाची साधना, पूर्ण केली."

भिक्षूने मूठ उघडली. ढेकूळ अजून हातातच होते.