टिटवीचा तंग

एकदा काय झालं, एका राजाच्या पागेत एक घोडी होती. पाय लांब, काटकुळे, म्हणून तिचं नाव टिटवी. राजाची भारी लाडकी. तिच्या पाठीवर खोगीर घालायचं आणि ते घसरू नये म्हणून पोटाखालून एक रुंद पट्टा आवळायचा. त्या पट्ट्याला म्हणतात तंग. हा तंग राजाच्या आईनं स्वतः विणला होता, जाड सुताचा. तो पहिल्यांदा कसला त्याच दिवशी राजा लढाई जिंकला. मग पागेत रीतच पडली, बरं का. हा तंग धुवायचा नाही. धुतला तर यश वाहून जाईल.

अशी बारा वर्षं गेली. राजाची आई तर पहिल्याच वर्षी देवाघरी गेली. तंगावर घाम बसला, घामावर धूळ बसली, धुळीवर पुन्हा घाम. तंग झाला फळीसारखा.

राजाची राणी केतकी. शिकलेली होती, घोड्यांची पोथी तिला तोंडपाठ होती. पण मन मोठं धास्तावलेलं. आठ महिन्यांचं बाळ होतं तिला. ते झोपलं की ती त्याच्या नाकापाशी बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना. चालू असायचा. मग ती परत बघायची. सासूबाईंनी सहा मुलं वाढवली आणि वर लढाईसाठी तंग विणला, आणि आपल्याला मात्र बाळाच्या अंघोळीचं पाणी तीन जणींना दाखवावं लागतं, असं तिच्या मनात यायचं.

त्या वर्षी पावसाळाभर टिटवी नुसती चरली. गुबगुबीत झाली, कातडी लोण्यासारखी मऊ झाली. भादव्यात राजानं तिला बाहेर काढलं, तंग करकचून आवळला आणि दिवसभर दौडवली. दुसऱ्या दिवशी तंग दिसताच टिटवीनं कान पाडले. तिसऱ्या दिवशी ती वळून राजाच्या दंडाला चावली. राजा म्हणाला, घोडी बिघडली. दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघायचंय, तोवर ती निमूट उभी राहिली तर ठीक. नाहीतर नदीपलीकडे, वाघाच्या रानात सोडून द्यायची.

राणीच्या कानावर हे आलं. ती पागेत गेली. घोड्यांचं सगळं बघणारा म्हातारा मोतद्दार होता, हैबती. त्यानं टिटवीचा पुढचा पाय उचलला. पायामागच्या वळीत, जिथं तंग येतो तिथं, तळहाताएवढी लालभडक जखम. घोडी बिघडली नव्हती. तिला दुखत होतं.

राणीनं आधी काय केलं, आपल्या मखमली शालीचा काठ कापला आणि तंगाला आतून लावला. मखमल मऊ खरी, पण चालताना तिला सुरकुत्या पडल्या. जखम वाढली.

मग राणीनं पोथी उघडली. हळद आणि तेल कालवून जाड लेप दिला, वर फडकं घट्ट बांधलं. आत घाम साचला, वर माश्या घोंगावल्या. तीन दिवसांनी सोडून बघते तर जखम चिघळलेली.

"राणीसाहेब," हैबती हळूच म्हणाला, "पोथीतलं घोडं चावत नाही. म्हणून लिहिणाऱ्याला कळत नाही."

राणी तशीच वळली. महालात आली आणि बाळाच्या झबल्यात तोंड लपवून रडली. दसऱ्याला तीन आठवडे उरले होते.

मग काय झालं, बाळच रडायला लागलं. राणीनं लंगोट सोडला. मांडीच्या वळीत लाल चट्टा. लंगोटाची कड वाळून कडक झाली होती, ती घासली होती. राणीनं कोमट पाण्यानं वळी पुसली, टिपून कोरडी केली, बाळाला तसंच उघडं लोळू दिलं. संध्याकाळपर्यंत चट्टा फिका पडला. मग तिच्या लक्षात आलं, आज आपण कुणालाच विचारलं नाही. आणि दुसरंही लक्षात आलं. बाळाचा लंगोट दिवसातून दहादा बदलायचा, आणि टिटवीचा तंग बारा वर्षांत एकदाही धुवायचा नाही?

दुसऱ्या दिवशी तिनं तंग पदराखाली घेतला आणि नदीवर गेली. यश वाहून गेलं तर? सगळे म्हणतील, हिनं घालवलं. तिनं डोळे मिटले आणि तंग पाण्यात बुडवला.

पाणी झालं दुधासारखं पांढरं. आणि त्यातून वर आला एक वीतभर बुटका, पायापासून शेंडीपर्यंत मिठाचा. जांभई देत दगडावर बसला.

"बारा वर्षांनी उठवलंस, बाई," तो म्हणाला. "मी टिटवीचाच घाम. जिथं ठेवलंत तिथं बसलो, वाळलो, टोचलो. माझा काय दोष?"

राणीनं घाबरत विचारलं, "आणि यश? तेही आतच होतं ना?"

"मला नाही कधी भेटलं. आत मी एकटाच होतो."

मग राणीनं जखमेवर औषध विचारलं. बुटका हसला. म्हणाला, ते तर तू कालच केलंस. त्या कोमट पाण्यात चिमूटभर मी घाल, मीच टोचलो, मीच धुईन. त्यानं आपल्या शेंडीचा एवढासा खडा तिच्या हातावर ठेवला आणि बाकीचा गुपचूप नदीत विरघळून गेला.

मग रोज सकाळ-संध्याकाळ राणी टिटवीची जखम धुवायची, टिपून कोरडी करायची, कडुनिंबाच्या डहाळीनं माश्या वारायची. फडकं नाही, खोगीर नाही. हैबती टिटवीला नुसता दोरीनं फिरवून आणायचा. जखम सुकली. खपली धरली. खपली पडली. राजानं विचारलं, आता बसू का? राणी म्हणाली, नाही. केस येऊ देत. तिनं राजाला असं सरळ 'नाही' पहिल्यांदाच म्हटलं, बरं का. आणि मग दसऱ्याच्या सकाळी बघते तर काय, त्या जागी बाळाच्या जावळासारखी दाट लव.

राजा आला. धुतलेला तंग बघून त्याचा चेहरा उतरला.

"मी धुतला," राणी म्हणाली.

राजानं तंग हातात घेतला, उलटा केला. बारा वर्षांच्या मळाखाली आतल्या बाजूनं लाल दोऱ्यानं काहीतरी शिवलेलं होतं. आईचं अक्षर. राजानं वाचलं: 'बाळा, स्वारीहून आलास की धुऊन वाळव.'

त्यानं ते पुन्हा वाचलं. मग हसला आणि बाहीनं डोळे पुसले.

मग राणीनं स्वतः तंग लावला. आधी सैलसर. टिटवीला चार पावलं चालवलं, मग बकलाचं एक घर कसलं. पुन्हा चार पावलं, आणखी एक घर. आत दोन बोटं सरकवून पाहिली. मग टिटवीचा एकेक पुढचा पाय उचलून अलगद पुढे ओढला, तंगाखालची वळी सरळ झाली. लंगोट बांधल्यावर बाळाचा पाय ओढतात ना, तस्सा. टिटवीनं एक लांब श्वास सोडला आणि कान उभे केले.

हैबती म्हणाला, "चला. वाघ आज उपाशी."

राजा सीमोल्लंघन करून आला. लोक सोनं द्यायला दारात उभे होते. पण राजा आधी गेला नदीवर, आणि आपल्या हातानं तंग धुऊन वाळत घातला. मग आपट्याची पानं वाटली. टिटवी पुढं पुष्कळ वर्षं दौडली, बाळ तिच्याच पाठीवर बसायला शिकलं, आणि राणी रात्री त्याचा श्वास एकदाच बघू लागली. फार तर दोनदा.

झालं. आता कुणाला काही टोचत असेल, करकचत असेल, तर आत्ताच सांगा, सैल करू. नाही ना? मग टिटवीसारखा एक लांब श्वास सोडा, आणि मिटा डोळे.